हीटिंगच्या पाइपचा पुश-फिट जोड सुटत नाही: जमिनीखालच्या गळतीबद्दल सल्ला हवा आहे

मिल्टनकीन्सवासी
शनिवार, सकाळी 10:20

नमस्कार. हीटिंगच्या पाइपांची कामे स्वतः करणाऱ्या किंवा जवळून पाहिलेल्या सदस्यांचा सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा काढत आहे. इंग्लंडमधले आमचे घर 1990च्या दशकातले असून घरात कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचे गरम पाणी दोन्ही देणारा) आहे. थंडी सुरू झाल्यापासून बॉयलरवरचा दाब सतत उतरतो आहे. थंड असताना काटा 1.4 बारवर आणून ठेवला, तरी आठवडा पुरा व्हायच्या आत तो अर्ध्या बारच्या खाली येतो आणि बॉयलर बंद पडतो. बॉयलरखालचे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून पाहिले. सकाळी बॉयलरच्या काट्यावरचा दाब जसाच्या तसा होता, त्यामुळे गळती बॉयलरमध्ये नसून पाइपांमध्ये आहे एवढे नक्की झाले.

जिन्यापाशी गालिचा उचलून चिपबोर्डचा तुकडा काढल्यावर गळतीची जागा सापडली. तिथे 15 मिमीचा पांढरा प्लास्टिकचा पुश-फिट एल्बो आहे, म्हणजे पाइप नुसता आत ढकलून बसवायचा काटकोनी जोड. त्याच्या एका तोंडात प्लास्टिकचा पाइप शिरतो आणि दुसऱ्या तोंडात रेडिएटरकडे जाणारा तांब्याचा. तांब्याच्या बाजूला हिरवट पांढरे किटण साचले आहे. हीटिंग थंड झाल्यावर तिथे थेंब धरतो, गरम असताना मात्र जागा कोरडी दिसते. पाणी उतरवून जोड सोडवायचा प्रयत्न केला, तोंडाशी असलेली कडी बोटांनी दाबून पाइप ओढला, पण तो तसूभरही हलला नाही.

हा जोड पाइपला इजा न करता कसा सोडवावा, सुटलाच तर तोच एल्बो पुन्हा वापरावा का, आणि मुळात असे जोड जमिनीखाली ठेवणे कितपत शहाणपणाचे आहे, असे माझे प्रश्न आहेत. तिसऱ्या प्रश्नावर घरात मतभेद आहेत, म्हणून त्यावर मोकळेपणाने लिहावे.

लीड्सचा_हीटिंगवाला
शनिवार, सकाळी 11:05

मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सर्वात आधी पाइप ओढणे थांबवा आणि पाना किंवा पकड लावून तर मुळीच ओढू नका. त्याचे कारण समजण्यासाठी जोडाच्या आत काय असते ते पाहावे लागेल.

पुश-फिटच्या तोंडाशी जी सरकणारी कडी दिसते तिला कॉलेट म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला स्टीलचे बारीक दात असतात, आणि ते पाइपवर तिरके टेकलेले असतात. पाइप आत ढकलताना दात वाट देतात. पाइप बाहेर येऊ लागला की ते अधिक रुततात. तुम्ही जितक्या जोराने ओढाल तितकी पकड घट्ट होते, आणि जोडाची रचना नेमकी त्यासाठीच केलेली असते. दातांच्या पलीकडे, आणखी आत, रबराची ओ-रिंग असते. पाणी अडवण्याचे काम तिचे असते, दात फक्त पाइप धरून ठेवतात.

आता समजा, दात रुतलेले असताना तुम्ही पाइप जबरदस्तीने ओढून काढला. पाइपचे टोक दातांखालून घासत बाहेर येईल आणि त्यावर लांबीच्या दिशेने ओरखडे पडतील. नंतर तोच पाइप पुन्हा बसवला की ओ-रिंग त्या ओरखड्यांवरच टेकते, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला मोकळी वाट असते. पुन्हा बसवलेल्या जोडांच्या पुष्कळ गळत्यांचे मूळ इथे असते.

योग्य क्रम असा आहे. पाइप आधी जोडाच्या आत, तळाला टेकेपर्यंत ढकला, म्हणजे दातांवरचा ताण जातो. तो तसाच आत धरून ठेवून कॉलेट जोडाच्या अंगाकडे सर्व बाजूंनी सारखी दाबा. एका बाजूने जास्त दाबली गेली तर ती तिरकी होऊन पलीकडच्या बाजूचे दात धरूनच राहतात, आणि बोटांनी दाबणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा इथेच होते. त्यासाठी घोड्याच्या नालाच्या आकाराचे स्वस्त प्लास्टिकचे साधन मिळते, 15 आणि 22 मिमीसाठी वेगवेगळे. ते पाइपवर अडकवले की कॉलेट सरळ दाबली जाते. कॉलेट दाबलेली असतानाच पाइप थोडा डावीउजवीकडे फिरवत बाहेर घ्या.

एल्बो कोणत्या कंपनीचा आहे हे कळले तर अधिक नेमके सांगता येईल. शक्य असल्यास वर्णन द्या.

सुमेधा
शनिवार, दुपारी 12:15

दादा, उत्तम माहिती. एक शंका आहे. इंग्लंडमध्ये बॉयलरला हात लावायला परवाना लागतो असे ऐकले आहे. मग घरमालकाने हे काम स्वतः करणे कायद्यात बसते का? आम्ही भाड्याच्या घरात राहतो, तिथे काय करावे?

लीड्सचा_हीटिंगवाला
शनिवार, दुपारी 12:50

सुमेधाताई, परवाना गॅसच्या कामासाठी लागतो. 2009च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये त्यासाठी गॅस सेफ रजिस्टर आहे, त्याआधी कॉर्गी होते. गॅसचा पाइप, बर्नर, धुराडे आणि बॉयलरचे बंद आवरण या गोष्टींना नोंदणी नसलेल्या माणसाने हात लावू नये. रेडिएटर आणि त्यांच्याकडे जाणारे पाण्याचे पाइप हे गॅसचे काम नव्हे, ते घरमालक स्वतः करू शकतो.

भाड्याच्या घरात मात्र तुम्ही काही करू नका. 1985च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या अकराव्या कलमानुसार इंग्लंडमधल्या नेहमीच्या भाडेकरारांमध्ये हीटिंगची व्यवस्था दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी असते. दाब उतरतो आहे असे दिसताच तारखेसह लेखी कळवा.

कोथरूडकर
शनिवार, दुपारी 2:30

मी पुण्यात राहतो आणि आमच्याकडे रेडिएटर नाहीत, तरी हा धागा वाचताना ओळखीचे काही सापडले. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या पाव इंची पांढऱ्या नळ्या ज्या जोडांमध्ये बसवलेल्या असतात, ते याच जातीचे आहेत. फिल्टर बदलायला येणारा मुलगा जोडातली छोटी निळी क्लिप काढतो, नखाने कडी दाबतो, नळी आधी किंचित आत ढकलतो आणि मग सहज उपसून घेतो. आत का ढकलतो, याचे कारण आज कळले. नळी पुन्हा बसवण्याआधी तो तिचे टोक पात्याने काटकोनात छाटतो, तेही आता लक्षात आले.

लीड्सचा_हीटिंगवाला
शनिवार, दुपारी 3:10

कोथरूडकर, तुमचे निरीक्षण अगदी नेमके आहे. या प्रकारचे जोड करणारी जॉन गेस्ट ही कंपनी लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या वेस्ट ड्रेटनची. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रांतल्या लहान नळ्यांपासून घरातल्या 22 मिमीच्या पाइपांपर्यंत तत्त्व तेच आहे. 2018 साली ती कंपनी रिलायन्स वर्ल्डवाइड या ऑस्ट्रेलियन कंपनीने घेतली. आपल्याकडच्या रिलायन्सशी तिचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तांबेसमर्थक
शनिवार, सायंकाळी 5:40

मी वेगळे मत मांडू इच्छितो. जमिनीखाली, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे रबराच्या कडीवर विसंबणारा जोड असूच नये असे माझे ठाम मत आहे. तांब्याचा पाइप आणि झाळकाम केलेला जोड पन्नास वर्षे तसाच राहतो. आमच्या बर्मिंगहॅमच्या घरातले 1960च्या दशकातले जोड आजही कोरडे आहेत. पुश-फिटची सोय बसवणाऱ्याच्या वेळेची आहे, आणि तिची किंमत पुढे घरात राहणारा मोजतो. धागाकर्त्याने हा एल्बो कापून काढावा, तिथे तांबे न्यावे आणि झाळ द्यावी. ज्यांना झाळकाम जमत नाही त्यांनी ऑलिव्हची कडी असलेला पितळी कॉम्प्रेशन जोड वापरावा, ज्यात नट आवळला की ती कडी पाइपवर दाबली जाते.

लीड्सचा_हीटिंगवाला
शनिवार, रात्री 8:15

तांबेसमर्थक, चांगल्या झाळलेल्या जोडाबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे, आणि उघड्यावरचे पाइप मी आजही तांब्याचेच करतो. मात्र या जागी झाळ देण्याला माझा विरोध आहे आणि त्याची कारणे अनुभवातली आहेत.

चिपबोर्डखाली धूळ, लाकडाचा भुसा आणि विजेच्या तारा असतात. तिथे ज्योत नेणे धोक्याचे आहे. शिवाय त्याच एल्बोच्या दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचा पाइप आहे. झाळकाम करायचेच असेल तर ते आधी, दूर, वर्कबेंचवर करून घ्यावे आणि पाइप थंड झाल्यावर पुश-फिटमध्ये बसवावा. फ्लक्सचा (झाळ धरावी म्हणून लावायच्या लेपाचा) अंश प्लास्टिकला लागू देऊ नये, कारण तो प्लास्टिकला अपाय करतो.

कॉम्प्रेशन जोडाबद्दल सांगायचे तर तो वापरता येतो, पण प्लास्टिकच्या पाइपवर तो घालताना पाइपच्या तोंडात आधाराची इन्सर्ट (आत घालायची छोटी नळी) हवीच, आणि जमिनीखाली कायमचे बंद होणार असेल तर मला तोही फारसा आवडत नाही. पाइप रोज तापतो आणि निवतो. तांब्याचा दहा मीटरचा सरळ पाइप 60 अंशांनी तापला तर साधारण 10 मिमी वाढतो. पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचा पाइप तेवढ्याच तापमानफरकाला एका मीटरमागेच जवळजवळ 8 मिमी वाढतो. प्लास्टिक लवचिक असल्यामुळे ही वाढ पाइप स्वतः वळून सामावून घेतो, म्हणूनच तो दोन तुळयांमध्ये ताणून बसवायचा नसतो. 15 मिमीच्या आडव्या पाइपला सुमारे 300 मिमीवर क्लिप हवी, पण जोडापाशी त्याला हलायला जागा ठेवावी. गळणारा पुश-फिट जोड उघडला की आत बहुतेक वेळा पाइपचे टोक वाकडे कापलेले, इन्सर्ट विसरलेली, पाइप पुरता आत न गेलेला किंवा जोड बाजूने ओढलेला आढळतो. रबर सडून गळलेला जोड मी क्वचित पाहिला आहे.

टोरांटोची_वाचक
शनिवार, रात्री 9:00

पॉलिब्युटिलीन हा शब्द वाचून उत्तर अमेरिकेतल्या सदस्यांच्या पोटात गोळा येईल. इकडे साधारण 1978 ते 1995 या काळात घरांमध्ये करड्या रंगाचे पॉली-बी पाइप घातले गेले. ते आणि त्यांचे ॲसिटल प्लास्टिकचे जोड पुढे इतके गळू लागले की अमेरिकेत कॉक्स विरुद्ध शेल हा सामूहिक दावा उभा राहिला आणि 1995 साली सुमारे 95 कोटी डॉलरची तडजोड झाली. कॅनडात आजही पॉली-बी असलेल्या घराला विमा देताना काही कंपन्या अडून बसतात. तुमच्याकडचे पाइप त्याच जातीचे आहेत का? असतील तर धागाकर्त्याने फक्त एल्बो बदलून भागेल का?

लीड्सचा_हीटिंगवाला
शनिवार, रात्री 9:35

प्रश्न रास्त आहे. कच्चा माल एका कुळातला असला तरी जोडणीची पद्धत वेगळी आहे. तिकडे प्लास्टिकच्या जोडावर पाइप चढवून वरून धातूची कडी आवळत असत. क्लोरीनयुक्त पाण्याने ते जोड आणि पाइप ठिसूळ होऊन तडकले, असा त्या दाव्याचा मुख्य भाग होता. इथले पाइप बीएस 7291 या मानकाखाली येतात, पाइपच्या आत आधाराची इन्सर्ट असते आणि जोड बाहेरून ओ-रिंगने बंद होतो. शिवाय हीटिंगच्या बंद वर्तुळातले पाणी नळाच्या पाण्यासारखे सतत बदलत नाही, त्यामुळे त्यात ताजे क्लोरीन येत राहत नाही. निव्वळ नाव सारखे आहे म्हणून इथल्या कोणी घरातले सगळे पाइप उपटू नयेत.

एडिसनवाला
रविवार, पहाटे 3:20

न्यू जर्सीत आमच्याकडे पितळी शार्कबाइट जोड वापरतात. त्यांची कडी दाबायला केशरी क्लिप मिळते आणि ती नसेल तर जोड सोडवण्याचा विचारही करू नये. वर सांगितलेला आत ढकलण्याचा क्रम तिथेही अचूक लागू पडतो.

मिल्टनकीन्सवासी
रविवार, सकाळी 9:45

सर्वांचे मनापासून आभार. आज किटण ओल्या फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात जोड नीट पाहिला. पांढऱ्या एल्बोच्या दोन्ही तोंडांना गोल टोपण आहे, त्यावर बोटांना पकड मिळावी म्हणून खाचा आहेत आणि त्याच्या मधून कॉलेट बाहेर डोकावते. प्लास्टिकच्या बाजूला टोपण आणि जोडाचे अंग यांच्यामध्ये बारीक फट दिसते. तांब्याच्या बाजूला ती फट नाही, टोपण अंगाला चिकटलेले आहे. तांब्याच्या पाइपवर जोडापर्यंत पांढरा रंगही लागलेला आहे. दादा, यावरून काही सांगता येईल का?

लीड्सचा_हीटिंगवाला
रविवार, सकाळी 10:10

तुमचे निदान तुम्हीच केले आहे. हा स्पीडफिट प्रकारचा, टोपणाने कुलूपबंद होणारा जोड आहे. पाइप बसवल्यावर टोपण पाव फेरा आवळले की कॉलेट मागे सरकू शकत नाही आणि ओ-रिंगही पाइपवर अधिक दाबली जाते. तांब्याच्या बाजूला फट नाही, याचा अर्थ ते तोंड कुलूपबंद आहे. अशा अवस्थेत कॉलेट कितीही दाबली तरी ती आत जाणार नाही. टोपण उलट दिशेने फिरवून फट दिसेपर्यंत सैल करा. किटणाने अडले असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके थोडा वेळ गुंडाळून ठेवा, घट्ट पकडीने टोपण चिरडू नका.

ज्यांच्याकडे हेप2ओ या दुसऱ्या ब्रँडचे पुश-फिट जोड आहेत त्यांच्यासाठी वेगळे सांगतो. त्याच्या आताच्या जोडांमध्ये बोटांनी दाबायची कडी बाहेर नसते. तो सोडवायला हेपकी नावाची खास किल्ली लागते, ती पाइपभोवती बसवून आत दाबायची असते. त्याच जोडात आणखी एक चांगली सोय आहे. त्यांची स्वतःची इन्सर्ट घालून पाइप पुरता आत गेला असेल, तर पाइप फिरवताना हाताला खरखर जाणवते. ती जाणवली नाही तर पाइप अर्धवट बसला आहे असे समजावे. जुन्या काळातल्या टोपणवाल्या हेप2ओ जोडात टोपण उघडल्यावर दातांची कडी पाइपवरच राहते. ती तोडून काढायची आणि नवीन घालायची, तीच पुन्हा वापरायची नाही.

आता रंगाबद्दल. पाइपवरचा रंग ओ-रिंगखाली आला तर जोड बंद होत नाही. बारीक पॉलिश कागदाने तो पाइपभोवती गोल फिरवत काढा, लांबीच्या दिशेने घासू नका.

डर्बीची_मीरा
रविवार, सकाळी 11:30

रंगावरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. बाथरूममधल्या टॉवेल रेडिएटरला जोडलेले चकचकीत पाइप क्रोमचे असतात आणि क्रोम इतके कठीण असते की पुश-फिटचे दात त्यात रुतत नाहीत. जोड वरवर बसल्यासारखा वाटतो आणि दाब वाढला की पाइप निसटतो. आमच्या शेजारच्या घरी असा पाइप सुटून खालच्या खोलीचे छत भिजले होते. क्रोमच्या पाइपला कॉम्प्रेशन जोडच वापरावा, किंवा जोडात जाणाऱ्या भागावरचे क्रोम पूर्ण काढावे.

जुन्या घरांत राहणाऱ्यांनी पाइपचा व्यासही मोजावा. 1970च्या दशकाआधीचे तांब्याचे पाइप इंचांच्या मापाचे आहेत. त्यांतला अर्धा इंची पाइप 15 मिमीच्या कॉम्प्रेशन जोडात चालतो, पण पाऊण इंची पाइप बाहेरून साधारण 21.5 मिमी असल्यामुळे 22 मिमीच्या जोडात सैल पडतो. पुश-फिटच्या बाबतीत अशी तडजोड मुळीच करू नये.

तांबेसमर्थक
रविवार, दुपारी 1:00

मीराताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे. माझा मूळ आक्षेप तरीही कायम आहे, पण ज्योतीच्या धोक्याबद्दल दादांनी लिहिले ते मला मान्य आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. उंदीर प्लास्टिकचे पाइप कुरतडतात, तांबे कुरतडत नाहीत. ज्या घरात उंदरांचा वावर आहे तिथे जमिनीखाली प्लास्टिक नेताना हे ध्यानात हवे. दुसरे असे की तांब्याच्या सलग पाइपच्या मधला तुकडा प्लास्टिकने बदलला की विजेच्या दृष्टीने ती सलगता तुटते. जुन्या घरात पाइपांचा अर्थिंगशी संबंध असू शकतो, म्हणून असा बदल करण्याआधी विजेचे काम जाणणाऱ्याला विचारावे.

वाफ_आणि_पाणी
रविवार, दुपारी 2:20

पाइप निवडताना बॅरियर पाइपच घ्यावा, हे कोणी लिहिलेले दिसले नाही म्हणून लिहितो. साध्या प्लास्टिकच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात झिरपतो आणि रेडिएटरच्या आतले पोलाद गंजते. त्याचा काळा चिखल, म्हणजे मॅग्नेटाइट, रेडिएटरच्या तळाशी आणि बॉयलरच्या उष्णता-विनिमयकात बसतो. तळाशी थंड आणि वर गरम असलेला रेडिएटर बहुधा या चिखलाने भरलेला असतो. बॅरियर पाइपमध्ये ऑक्सिजन अडवणारा एक पातळ थर असतो. गंजण्याच्या क्रियेत हायड्रोजनही तयार होतो, तो रेडिएटरच्या वरच्या भागात साचतो. ज्यांना वरचेवर हवा काढावी लागते त्यांनी हे लक्षात घ्यावे आणि हवा काढताना जवळ ज्योत नेऊ नये.

दुरुस्तीनंतर ताजे पाणी भरले की इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारे रसायन, घालायला विसरू नये. सेंटिनेल एक्स100 साधारण एक टक्का प्रमाणात लागते, म्हणजे शंभर लिटर पाण्यामागे एक लिटर. दाब उतरला म्हणून महिनोन्‌महिने नुसते नवे पाणी भरत राहणे हे गळतीइतकेच नुकसानकारक आहे, कारण प्रत्येक वेळी ऑक्सिजन आत जातो आणि इनहिबिटर पातळ होत जाते.

सुमेधा
रविवार, दुपारी 2:45

आम्ही घरमालकाच्या सांगण्यावरून गेला हिवाळाभर नुसते पाणी भरत आहोत. आजच पत्र पाठवते.

मिल्टनकीन्सवासी
रविवार, सायंकाळी 6:30

जोड सुटला. टोपणाभोवती कोमट फडके ठेवल्यावर ते हाताने फिरले आणि फट दिसू लागली. मग पाइप आत ढकलून, नालाच्या आकाराच्या साधनाने कॉलेट सरळ दाबून, किंचित फिरवत ओढला, तर तो कसलाही आवाज न करता बाहेर आला. काल ज्यावर इतका जोर लावला होता तो पाइप आज दोन बोटांनी निघाला.

गळतीचे कारणही हाती आले. तांब्याच्या पाइपचे टोक करवतीने तिरके कापलेले होते. एका बाजूला कापलेल्या कडेची बोचरी धार तशीच राहिली होती आणि ओ-रिंगवर त्याच जागी बारीक चीर पडलेली दिसली. पाइप जोडात पुरता आतही गेलेला नव्हता. दात रुतल्याच्या खुणा टोकाच्या फारच जवळ होत्या. घर बांधताना ज्याने हा पाइप बसवला त्याने टोक कापून तसेच दाबून दिले असावे. एवढी वर्षे तो टिकला याचेच नवल वाटते.

आता एल्बो नवीनच घ्यायचा हे ठरले आहे. पाइपचे खराब टोक कापले तर तो 20 मिमीने तोकडा पडेल. पुढे काय करावे? आणि नवीन जोड बसवताना तो कष्टाने आत जातो, त्याला थोडे तेल किंवा व्हॅसलीन लावले तर चालेल का?

लीड्सचा_हीटिंगवाला
रविवार, सायंकाळी 7:20

व्हॅसलीन आणि कोणतेही खनिज तेल कटाक्षाने टाळा. ओ-रिंग ईपीडीएम रबराची असते आणि ते रबर पेट्रोलियमच्या पदार्थांनी फुगून नरम पडते. जोड आज सहज बसेल आणि पुढच्या हिवाळ्यात गळेल. लावायचेच असेल तर फक्त सिलिकोन ग्रीस लावा, तेही अगदी कमी. टोक नीट तयार केलेले असेल तर बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही.

पाइप तोकडा पडणार असेल तर तो ओढून पुरवू नका. प्लास्टिकच्या बाजूला लांबी वाढवणे सोपे आहे. जुना प्लास्टिकचा पाइप सरळ भागात कापा, तिथे सरळ कपलर (दोन पाइप सरळ रेषेत जोडणारा जोड) घाला आणि त्यापुढे बॅरियर पाइपचा नवा तुकडा एल्बोपर्यंत आणा. मधला तुकडा नेमक्या मापाचा न घेता किंचित बाक येईल एवढा घ्या, म्हणजे जोडांवर बाजूने ताण येत नाही.

तांब्याचे टोक करवतीने कापू नका. 15 मिमीचा गोल पाइप कटर पाइपभोवती फिरवून कापला की टोक काटकोनात येते. नंतर बाहेरची आणि आतली दोन्ही धार काढून कड किंचित गोलसर करा. टोकावरून कापूस फिरवून पाहा. धागा अडकला तर धार अजून शिल्लक आहे. प्लास्टिकचा पाइप कात्रीसारख्या पाइप कटरने कापा आणि इन्सर्ट घाला. इन्सर्टशिवाय गरम झालेला पाइप ओ-रिंगच्या दाबाने आत चेपतो.

जोडात पाइप किती आत जातो ते बाहेरून मोजून पाइपवर पेन्सिलीने खूण करा. ढकलताना आधी एक अडथळा जाणवतो, ती ओ-रिंग असते. लोक तिथेच थांबतात आणि तुमच्या घरात पूर्वी नेमके तेच झाले असावे. आणखी जोर लावून पाइप तळाला टेकेपर्यंत न्या, खूण तोंडाशी आली पाहिजे. मग पाइप उलट ओढून पाहा, तो निघता कामा नये. शेवटी टोपण पाव फेरा आवळा.

कोथरूडकर
रविवार, रात्री 8:00

अडथळ्याबद्दलचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. आरओच्या जोडातही नळी आत जाताना असाच दोनदा अडखळण्याचा अनुभव येतो.

मिल्टनकीन्सवासी
पुढचा शनिवार, सकाळी 11:15

काम पूर्ण झाले. नवा एल्बो, एक सरळ कपलर आणि बॅरियर पाइपचा तुकडा बसवला. कापसाची चाचणी केली, तेव्हा पहिल्या खेपेला धागा खरोखरच अडकला आणि कड पुन्हा घासावी लागली. थंड अवस्थेत दाब 2 बारपर्यंत वाढवून जमीन उघडीच ठेवली आणि जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी कागद कोरडा होता. मग दाब 1.4 बारवर आणला, इनहिबिटर घातले आणि हीटिंग सुरू केले.

तिसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात असे ठरले आहे की जोड जमिनीखाली राहील, पण वरचा चिपबोर्ड चिकटवून बंद न करता स्क्रूंनी बसवायचा आणि गालिचाची ती बाजू उचलता येईल अशी ठेवायची. तांबेसमर्थकांचे समाधान होईल अशी आशा आहे.

एकच शंका उरली आहे. पहिल्या दोन दिवसांत दाब 1.4 वरून 1.2 बारवर आला आहे. जोड मात्र कोरडाच आहे. काळजी करावी का?

तांबेसमर्थक
पुढचा शनिवार, दुपारी 12:05

उचलता येणारी फळी ही उत्तम व्यवस्था आहे. माझा आक्षेप न दिसणाऱ्या जोडाला होता, तुमचा जोड आता केव्हाही पाहता येईल. बांधकाम करणाऱ्यांनी प्रत्येक घरात असे केले तर माझी तक्रारच राहणार नाही.

लीड्सचा_हीटिंगवाला
पुढचा शनिवार, दुपारी 12:40

काळजी करू नका. नव्याने भरलेल्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते, ती रेडिएटरच्या वरच्या टोकाशी आणि बॉयलरच्या स्वयंचलित हवाद्वाराशी जमते, आणि ती निघून गेली की दाब तेवढा उतरतो. हीटिंग बंद करून पाइप थंड होऊ द्या, खालच्या मजल्यापासून सुरुवात करून प्रत्येक रेडिएटरची हवा काढा आणि दाब पुन्हा 1.4 करा. त्यानंतर आठवडाभर, रोज सकाळी हीटिंग सुरू व्हायच्या आधी, काट्याची नोंद ठेवा. थंड आणि गरम अवस्थेतले आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका, कारण गरम असताना दाब वाढणारच. थंड असतानाचा आकडा स्थिर राहिला तर फळीचे स्क्रू आवळा. उतरत राहिला तर आधी घराबाहेर भिंतीतून निघणाऱ्या तांब्याच्या बारीक पाइपचे तोंड तपासा. तो बॉयलरच्या 3 बारच्या सुरक्षा व्हॉल्व्हचा पाइप असतो. तिथे ओल दिसली तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून वाढणारे पाणी सामावून घेणाऱ्या टाकीतली) हवा कमी झालेली असण्याची शक्यता आहे, आणि ते पाहण्यासाठी बॉयलरचे आवरण उघडावे लागत असेल तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला बोलवा.